ढग म्हणून वगळलेले

त्या तारखेला ढग नव्हते. त्या दिवसातलं पुष्कळ काही ती विसरून गेली होती, काही मुद्दाम विसरली होती, पण ढग नव्हते हे तिला पक्कं आठवत होतं. पडद्यावर मात्र तिच्या शहराचा चौकोन कोरा होता, आणि कोऱ्याचा अर्थ इथे ठरलेला होता: ढग होते, म्हणून उपग्रहाला खालचं दिसलं नाही. तिनं उगाचच चष्मा काढून पुसला आणि परत घातला. चौकोन कोराच होता. काम तसं सांगायला सोपं. घरी कुणी पाहुणे आले आणि तुम्ही नक्की काय करता असं त्यांनी विचारलं, की ती चार वाक्यांत उरकून टाकायची. एका बाजूला मॉडेल, म्हणजे गणितानं उभी केलेली हवा. कुठून किती धूर, किती धूळ, किती राख सुटते ते मॉडेलला भरवायचं, आणि ते बारीक कण वाऱ्यावर कुठे जातात, किती दिवस तरंगतात, कुठे खाली बसतात ते त्याच्याकडून वदवून घ्यायचं. दुसऱ्या बाजूला उपग्रह. तो रोज दुपारी माथ्यावरून जाताना खालच्या हवेनं किती उजेड अडवला ते टिपतो. मग दोन्ही शेजारी ठेवायचे आणि जुळतात का बघायचं. एकदा एक वकील पाहुणे यावर म्हणाले होते, “म्हणजे दोन साक्षीदारांच्या जबान्या ताडून बघता तुम्ही. आमच्याकडे दोघं अगदी तंतोतंत तेच बोलायला लागले ना, तर आम्ही आधी घाबरतो.” सगळे हसले होते. तीही हसली होती.

या खेपेला जबान्या तंतोतंत जुळल्या होत्या. सकाळीच विभागप्रमुख येऊन आलेख बघून गेले होते. “वा, कशी मांडीला मांडी लावून बसली आहेत दोघं,” असं म्हणून त्यांनी टेबलावर हलकेच थाप मारली होती. ऑफिसात त्यांना ‘सरासरी’ म्हणत, कारण त्यांच्यापुढे काहीही नेलं तरी ते आधी महिन्याची सरासरी मागत. भाजीत मीठ जास्त झालंय असं बायको म्हणाली, तर आठवड्याची सरासरी बघू म्हणतात, असा त्यांच्यावरचा विनोद होता, आणि तो त्यांनाही माहीत होता. माणूस वाईट नव्हता. तिच्या सरासरीच्या आलेखात खोट नव्हती, रोजची चित्रं उघडायची काही गरज नव्हती, जेवणानंतरच्या सुस्तीत ती नुसती एकामागून एक पुढे सरकवत होती, जसं एखादा जुन्या फोटोंचा अल्बम चाळतो. आणि मग ती तारीख आली, जी तिला ऑफिसातल्या कामामुळे नाही, तर वहिनीच्या फोनमुळे माहीत होती.

“ताई, हे उठून बसलेत आणि काही बोलतच नाहीयेत,” वहिनी म्हणाली होती. तिच्या आवाजात घाबरणं नव्हतं, तक्रार होती, जणू दादा रुसून बसला असावा. फोन ठेवून ती टेकडीवरच्या आपल्या फ्लॅटमधून निघाली तेव्हा वरती लख्ख होतं. टॅक्सी उतारानं नदीकडे निघाली आणि एका वळणानंतर जग पिवळट झालं. भरदिवसा गाड्यांचे दिवे लागलेले. सूर्य वर होता, पण त्याच्याकडे उघड्या डोळ्यांनी खुशाल बघता येत होतं, आणि त्याचा उजेड कुठे पडतच नव्हता. माणसांना सावल्या नव्हत्या. टॅक्सीवाला म्हणाला, धुकं आहे. दादाच्या गल्लीतला दुकानदारही म्हणाला, धुकं आहे. दादाला काखेत हात घालून तिनं उचललं तेव्हा तो इतका हलका लागला की ती बिचकली. हाच दादा तिला लहानपणी वीजकेंद्राच्या कालव्यावर पोहायला शिकवत असे. यंत्रं थंड करून बाहेर पडणारं पाणी त्या कालव्यात यायचं, कोमट, ऐन थंडीतही वाफाळतं, आणि वस्तीतली सगळी पोरं त्यात डुंबायची. पाण्यावर राखाडी साय यायची, ती हातानं बाजूला सारायची आणि डोकं बुडवायचं. दादा तिच्या हनुवटीखाली तळहात धरून म्हणायचा, “श्वास सोड, घाबरू नकोस, श्वास सोडला की पुढचा आपोआप येतो.” टॅक्सीत त्याचा श्वास सुटत होता आणि पुढचा आपोआप येत नव्हता. ती त्याच्या पाठीवर हात फिरवत म्हणाली होती, “काच वर घे दादा, बाहेर धुकं आहे.” तिनंही तेच म्हटलं होतं. जिचा दिवस न् दिवस हवेतल्या कणांवर जातो ती बाई त्या दिवशी त्याच हवेत असताना धुकं म्हणाली होती.

तिनं त्या दिवसाचं मूळ छायाचित्र उघडलं, ज्यावर अजून कुठलीही चाळणी फिरलेली नव्हती. उत्तरेला खरे ढग होते, पांढरे, कापसासारखे, प्रत्येकाच्या बुडाशी जमिनीवर त्याची सावली. आणि खाली, दोन टेकड्यांच्या मध्ये, नदीच्या खोऱ्यात एक तपकिरी काहीतरी बसलं होतं. त्याला सावली नव्हती. त्याची कड टेकड्यांच्या उतारावर इतकी रेखीव होती की जणू बशीत ओतलेल्या चहाची असावी. चाळणीचा नियम तिला पाठ होता, तिनं तो वर्गात शिकवला होता: जे फार दाट आहे, फार उजेड परत फेकतं, ते ढग समजून वगळावं. दूर कुठल्यातरी शहरात कुणीतरी शहाण्या माणसांनी बसून हा नियम केला होता, आणि तो शहाणपणाचाच होता, कारण ढगाला धूर समजणं ही मोठी चूक. फक्त धूर एका मर्यादेपलीकडे दाट झाला की तोही ढग होत होता. थोडा धूर मोजला जात होता, बराच धूर मोजला जात होता, आणि माणूस बिछान्यात उठून बसतो आणि बोलू शकत नाही इतका धूर मोजलाच जात नव्हता. तिनं थंडीतले बाकीचे कोरे दिवस उघडले. प्रत्येक वेळी तीच बशी, तोच चहा. चाळणी थोडी सैल करून तिनं आकडे परत काढले, आणि मांडीला मांडी लावून बसलेल्या दोघांपैकी एक उठून निघून गेला. मॉडेल कमी दाखवत होतं, कारण कुठून किती धूर सुटतो हे आकडे त्याला त्या त्या वीजकेंद्रानंच दिलेले होते. उपग्रह कमी दाखवत होता, कारण सगळ्यांत वाईट दिवस त्यानं ढग म्हणून बाजूला टाकले होते. ती दोघं जुळत होती, कारण दोघांनाही नेमकं तेच दिसत नव्हतं. तिनं आकडे पुन्हा एकदा तपासले. आणि त्यातही, याची तिला नंतर लाज वाटली, एक बारीक आनंद होता: शोध लागल्याचा.

सरासरींनी शांतपणे सगळं बघितलं. छायाचित्र जवळ ओढलं, लांब धरलं. “बरोबर आहे तुमचं,” ते म्हणाले. तिनं याची अपेक्षा केली नव्हती. ती भांडायच्या तयारीनं गेली होती. “पण चाळणी सैल केली की खरे ढगही आत येणार. त्यातला धूर किती आणि ढग किती, छातीठोकपणे सांगाल?”

“आज नाही सांगता येणार. थोडे महिने द्या.”

“समिती पुढच्या आठवड्यात बसतेय.” समिती म्हणजे नदीकाठच्या वीजकेंद्राचे जुने संच आणखी काही वर्षं चालवायचे की बंद करायचे हे ठरवणारी समिती. संस्थेचा अहवाल तिच्यापुढे जायचा होता, आणि त्यात लिहिलं होतं की मॉडेल आणि उपग्रह दोघांच्याही मते शहराची हवा मर्यादेत आहे. “एक तळटीप टाका. थंडीतले काही दिवस ढगांमुळे उपलब्ध नाहीत.”

“तळटीप कोण वाचतं, सर?”

“तुम्ही वाचली होती?”

चाळणीच्या माहितीपत्रकात ही मर्यादा स्वच्छ लिहिलेली होती, बारीक अक्षरात, आणि ते पत्रक तिच्या खणात होतं. सरासरींनी छायाचित्र तिच्याकडे परत सरकवलं आणि आवाज उतरवून विचारलं, “तुमचं कुणी राहतं का तिथे खाली?”

“भाऊ.”

“मग तुम्ही यात न पडलेलं बरं. तुम्ही खरं बोललात तरी लोक म्हणतील, भावासाठी बोलतेय.”

भावासाठी बोलायचं तर निदान भावाला विचारावं, असं तिला वाटलं, आणि सुट्टीच्या दिवशी ती खाली गेली. हल्ली ती फार जात नसे. प्रत्येक वेळी दारातून आत शिरताना तिला वाटे, आपण या घरातून वर गेलो आणि वरूनच बघायला शिकलो. खिडकीच्या फटीत वहिनीनं ओला टॉवेल कोंबला होता. ऑक्सिजनचं मशीन कोपऱ्यात गुरगुरत होतं, त्याची नळी लादीवरून वळणं घेत दादाच्या नाकापर्यंत आलेली, आणि घरातली माणसं ती नळी न बघता बरोबर ओलांडत होती. ती मात्र दोनदा अडखळली. दादा खुर्चीत पुढे वाकून, गुडघ्यांवर कोपरं टेकून बसला होता. आता तो तसाच बसत असे, कुणाचं गुपित ऐकायला वाकल्यासारखा. सबंध नोकरी त्यानं त्या वीजकेंद्रात काढली होती, आधी राख विभागात, मग बॉयलरवर. आता त्याचा मुलगा तिथे कोळशाच्या यार्डात क्रेन चालवत होता, याच वर्षी कायम झालेला, आणि त्याची बायको बाळंतपणाला माहेरी गेलेली.

तिनं सगळं सांगितलं. सोपं करून सांगितलं, चित्र दाखवलं. भाच्यानं फोन हातात घेऊन दोन बोटांनी चित्र मोठं केलं आणि शोधू लागला. “आपलं घर कुठे यात?” तिनं तपकिरी भागाच्या मध्यावर बोट ठेवलं. “इथे काहीच नाहीये,” तो म्हणाला. मग थोड्या वेळानं, चित्रावरची नजर न काढता, “आत्या, हे तू समितीला दाखवणारच का?”

“दाखवायला हवं ना.”

“मग जुने संच बंद.”

“ते मी नाही ठरवत.”

“म्हणजे दुसरं कुणीतरी ठरवणार, आणि तू फक्त दाखवणार.” त्यात राग नव्हता; तो खरोखरच समजून घेत होता, लहानपणी गणित समजून घ्यायचा तसा. “कोळशाचं यार्ड जुन्या संचांचंच आहे.”

दादानं हात वर केला. त्याला बोलायचं असलं की तो आधी हात वर करी आणि मग श्वास गोळा करी, आणि तोवर सगळ्यांनी थांबायचं असा आता घराचा रिवाज झाला होता. मशीन गुरगुरत राहिलं. “माझी छाती,” तो म्हणाला, थांबला, “माझी आहे. ती पुढे करून... तू याचं दार बंद करू नकोस.”

“दादा, एकट्या तुझ्या छातीचा प्रश्न नाही. तुझा नातू होणार आहे, तो याच हवेत...”

“तो जेवणार कुठल्या हवेत?” दादा म्हणाला, आणि स्वतःच्याच शब्दांवर त्याला हसू आलं, आणि हसण्याचा खोकला झाला. खोकला किती तरी वेळ चालला. भाचा उठून त्याच्या पाठीमागे उभा राहिला आणि सवयीच्या हातानं पाठ चोळू लागला. ती समोर बसून राहिली. हात पुढे करावा असं तिला वाटलं, पण त्या पाठीवर आणखी एका हाताला जागा नव्हती.

निघताना ती कप ठेवायला स्वयंपाकघरात गेली. वहिनी ओट्याशी पाठमोरी उभी होती. खिडकीच्या कडेवरून तिनं बोट फिरवलं, ते बघितलं, फडक्याला पुसलं. ही तिची जुनी खोड. दिवसातून कितीदा करत असेल. “ताई, तुम्ही दाखवा ते,” ती न वळता म्हणाली, इतक्या हळू की नळाच्या आवाजात ते बुडत होतं. “पण मी म्हटलं असं या दोघांना कधी सांगू नका.” मग वळून नेहमीच्या आवाजात, बाहेर ऐकू जाईल असं म्हणाली, “जपून जा. पायरी तुटलीय तिथली.”

त्या आठवड्यात ती नीट जेवली नाही. घास तोंडात फिरत राही. टेकडीवरच्या तिच्या खिडकीतून खालचं खोरं दिसायचं, आणि घर घेताना याच दृश्यावर ती भाळली होती: थंडीत सकाळी खाली दाट दुलई पसरलेली असते, तिच्यातून फक्त वीजकेंद्राच्या चिमण्यांची टोकं वर येतात. पाहुण्यांना ती हे कौतुकानं दाखवायची. आता ती पडदा ओढून बसे आणि पडदा ओढल्यावर मागे काय आहे तेच डोळ्यांपुढे येई. तिला वाटे, आपल्याला खरं बोलायचंय की खरं शोधून काढणारी बाई व्हायचंय. मग वाटे, दोन्हीत फरक काय. धूर तर तोच आहे. मग भाच्याचा तो साधा आवाज: तू फक्त दाखवणार. तळटीप टाकून मोकळं व्हावं असंही एकदा मनात आलं, इतकं स्वच्छ आलं की तिनं वाक्य लिहूनही काढलं. चांगलं वाक्य होतं. त्यात खोटं काहीच नव्हतं. तिनं ते पुसलं, कारण ते वाचताना वहिनीचं बोट दिसत राहिलं.

समितीपुढे तिनं दाखवलं. लांब टेबल, पाण्याच्या बाटल्या, खिडक्या बंद. अध्यक्ष निवृत्त अभियंता होते, अदबीचे, मान तिरकी करून ऐकणारे. वीजकेंद्राचे अधिकारी वहीत काही लिहीत नव्हते. ते नुसते ऐकत होते, आणि त्याचीच तिला भीती वाटली. तिनं कोरे दिवस दाखवले, मूळ छायाचित्रं दाखवली, सावली असलेले ढग आणि सावली नसलेला ढग. आवाज कापेल असं वाटलं होतं, तो कापला नाही. बोलून झाल्यावर क्षणभर तिला वाटलं, त्यांना दिसलं.

“म्हणजे हवा मर्यादेबाहेर आहे, असं तुमचं म्हणणं,” अध्यक्ष म्हणाले.

“ती मर्यादेत आहे असं आपल्याला म्हणता येणार नाही, असं माझं म्हणणं आहे. सर्वांत वाईट दिवस आपण मोजलेलेच नाहीत.”

“मग ते किती वाईट होते?”

“तेच सांगता येत नाही.”

“अंदाजे?”

तिनं अंदाज सांगितला, आणि मग, सवयीनं, प्रामाणिकपणानं, त्या अंदाजात किती चूक असू शकते तेही सांगितलं. ती चूक अंदाजाएवढीच मोठी होती. वीजकेंद्राच्या एका अधिकाऱ्यानं तेव्हा पहिल्यांदा पेन उचललं. अध्यक्षांनी सरासरींकडे बघितलं. सरासरी म्हणाले, “मॅडमचं निरीक्षण गंभीर आहे. अभ्यास व्हायला हवा.” त्यांना तिची बाजूच घ्यायची होती, हे तिला कळत होतं. अध्यक्षांनी मान डोलावली. शास्त्रज्ञांमध्येच एकवाक्यता नसल्यानं, ते सांगू लागले आणि शेजारचा कारकून टिपू लागला, अधिक अभ्यास व्हावा. तोपर्यंत संच आहेत तसे चालू राहावेत. अभ्यासाला किती काळ, ते लिहिलं गेलं नाही. तिचे आभार मानण्यात आले, मनापासून.

परतताना ती सरासरींच्या गाडीत बसली. मी म्हटलं नव्हतं का, असं ते म्हणाले नाहीत. सिग्नलला गाडी थांबली तेव्हा समोर बघतच ते म्हणाले, “निदान काल आपल्याकडे एक आकडा होता. आज तोही नाही.” तिनं काच खाली केली आणि लगेच वर घेतली. फोन पर्समध्ये थरथरत होता. बैठकीसाठी तिनं आवाज बंद केला होता. वहिनीचे कितीतरी फोन येऊन गेले होते. सरासरींनी काही न विचारता गाडी वळवली आणि तिला हॉस्पिटलच्या दारात सोडलं.

भाचा कॉरिडॉरमधल्या बाकावर बसला होता. कामावरून तसाच आला होता. कपाळावर हेल्मेटच्या पट्ट्याची खूण, मानेच्या वळ्यांत कोळशाची काळी रेघ. वहिनी आत होती, एका वेळी एकालाच सोडत होते. दाराच्या उभट काचेतून तिला पलंगाचा पायथा दिसला, पांघरुणाखाली पायांचा उंचवटा, आणि मास्क लावून माणूस श्वास घेतो त्याचा तो आवाज, दरवेळी दार ओढून लावल्यासारखा, ऐकू येत होता. “डॉक्टर काय म्हणाले?” तिनं विचारलं.

“म्हणाले, या वेळेला घरी नेता येईलसं वाटत नाही.” त्यानं दोन्ही तळहात पँटवर घासले. “जागे आहेत. ओळखतात. बोलायला गेले की मास्क सरकतो, म्हणून बोलू नका म्हणालेत.”

ती त्याच्या शेजारी बसली. नर्स ट्रॉली ढकलत गेली, ट्रॉलीचं एक चाक कुरकुरत होतं, ते कोपऱ्यावर वळेपर्यंत ऐकू आलं. आत जो श्वास ओढला जात होता त्याच्याशी आपला श्वास आपोआप जुळतोय, हे लक्षात येऊन तिनं तो मुद्दाम मोडला.

“आत्या,” भाचा म्हणाला. तो जमिनीकडे बघत होता. “आज तुमची ती बैठक होती ना.”

“हो.”

“बंद होणार?”

“नाही,” ती म्हणाली. “आहे तसं चालू राहणार.”

त्याचे खांदे खाली आले, सावकाश, एखादं ओझं उतरवून ठेवावं तसे, आणि त्यानं तोंडानं एक लांब श्वास सोडला. तिला वाटलं होतं, हे बघून आपल्याला चीड येईल. ती चीड येण्याची वाट बघत राहिली. चीड आली नाही. त्याऐवजी छातीत इतके दिवस आवळलेलं काहीतरी सैल झालं, अगदी त्याच्यासारखंच, त्याच क्षणी; गरम पाणी पोटात उतरावं तसं ते खाली उतरत गेलं, आणि तिला कळलं की हे हायसं वाटणं आहे. हा मुलगा कामावर जाणार, आणि ती त्याच्याकडे वर मान करून बघू शकणार. दाराच्या काचेपलीकडचे पाय हलले. ती उठली नाही.

भाच्यानं खिशातून बिस्किटांचा पुडा काढला, कडेनं चुरडलेला, आणि तिच्यापुढे धरला. “सकाळपासून काही खाल्लं नसशील तू.”

तिला भूक लागली होती. तिनं एक घेतलं, आणि ते संपायच्या आत दुसरं घेतलं.